दोन सुनीता

डोंबिवलीच्या कॉम्प्युटर क्लासात आम्हाला जावा शिकवणारे सर स्टारच्या एका खुणेवर फार चिडायचे. जावात क्लास, म्हणजे कोडचे तयार तुकडे, पॅकेजमध्ये ठेवलेले असतात. हवा तो इम्पोर्ट करायचा, तर त्याचं पूर्ण नाव लिहायचं. आम्ही आळशी, नावाच्या जागी स्टार टाकून अख्खं पॅकेज बोलवायचो. मग सर खडू आपटायचे. "अरे, लग्नाचं आमंत्रण आहे का, सहकुटुंब सहपरिवार? दोन पॅकेजांत एकाच नावाचे दोघे निघाले, तर कोड वाचणाऱ्या कंपायलरने घ्यायचं कोणाला?"

वागायचेही तसेच. बॅचमध्ये आम्ही दोघी सुनीता. हजेरीला ते म्हणायचे, "ठाकुर्लीची सुनीता! खोपटची सुनीता!" नुसतं सुनीता कधीच नाही.

एके दिवशी हसू दाबतच आले. फळ्यावर इम्पोर्ट लिहिलं, पुढे आमच्या बॅचचं नाव, टिंब, आणि हा एवढा मोठा स्टार! खाली स्वतःच्या लग्नाची तारीख.

आम्ही बाकं बडवली. मी ओरडले, "सर, सुनीता दोन आहेत, एरर येईल!"

"येऊ दे गं," सर कानापर्यंत लाल होत म्हणाले, "दोघीही या."