कल्लप्पा बॅकची माणसं

कल्लप्पाच्या मातीला आम्ही चाळीसेक माणसं होतो. त्याच्या दोन वर्षांच्या आजारपणात त्याच्या दारात चार माणसं दिसली नव्हती. पण तो गेल्याचं कळलं तशी सोलापुरातल्या सात रस्त्यापासून गिरणीच्या चाळींपर्यंतची सगळी जुनी फुटबॉलवाली मंडळी जमली. लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणे त्याला खड्ड्यात बसवलं, जंगमस्वामींनी विधी उरकले, आम्ही मूठमूठ माती टाकली. परतताना हात झटकायच्या आतच लोक गोष्ट सांगायला लागले. होटगीच्या रामहरीचा पाय कसा मोडला त्याची. कल्लप्पा अकरा वर्षं गिरणीच्या संघातून खेळला होता, पण लोकांच्या कानात राहिला होता तो तेवढा एक आवाज.

हे साल १९३६. मी त्याच गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून. कल्लप्पा कार्डिंग खात्यात होता, जिथं कापूस पिंजला जातो आणि माणूस संध्याकाळी भुवयांपर्यंत पांढरा होऊन बाहेर पडतो. अक्कलकोटकडच्या खेड्यातून बापाबरोबर आलेला. घरात कन्नड, बाहेर मोडकंतोडकं मराठी, आणि दोन्हीकडं बोलणं कमीच. अंगानं थोराड, पण इतका मुकाट की खात्याचा मुकादम, जॉबर, शेजारी उभा राहून विचारायचा, कल्लप्पा आलाय का आज?

गिरणीच्या साहेबानं संघ काढला तेव्हा उंची बघून त्याला मागं बॅकला उभा केला. अनवाणी खेळायचे सगळे, घोट्याला चिंध्या गुंडाळून. कल्लप्पाला चेंडू फारसा खेळवता येत नसे. आला चेंडू की लाथ घालून लांब पाठवायचा, एवढंच. तीन वर्षं त्याचं नाव कुणाला माहीत नव्हतं.

मग एका सामन्यात पोलिसांच्या संघाचा एक फॉरवर्ड त्याच्यावर येऊन आदळला आणि उचलून न्यावा लागला. कल्लप्पाची त्यात काही चूक नव्हती. तो नुसता उभा होता. पण लोकांनी जो गलका केला, तसा गोल झाल्यावरही कधी केला नव्हता. सात रस्त्यावर चहाचं हॉटेल चालवणारा बसलिंगप्पा मैदानात धावत गेला आणि त्यानं जिलबीचा पुडा कल्लप्पाच्या हातात ठेवला. त्या दिवशी कल्लप्पा घरी गेला तो पुडा न सोडता. त्याची बायको दाक्षायणी मला पुढं सांगायची, "जिलबी खाल्ली न्हाई त्येनं. नुसता बसून हुता. म्हनाला, माझं नाव घेतलं सगळ्यांनी."

तेव्हापासून लोक त्याच्यासाठी यायला लागले. आज कोण लंगडत जातो, हे बघायला. "होडी, कल्ल्या, होडी," असं मैदान दणाणायचं. कन्नडात होडी म्हणजे मार. मराठी मुलुखातून आलेल्यांना ते कळत नसे, पण तेही घसा फोडून होडी होडी करायचे. मीही करायचो. आणि कल्लप्पा, ज्यानं खात्यात कधी कुणाला अरे म्हटलं नव्हतं, तो लोकांच्या आवाजासरशी पाय घालायला शिकला. घोटे सुजवले त्यानं, गुडघे फिरवले, एकाच्या बरगड्या मोडल्या. दर वेळी जिलबी यायची.

होटगीशी सामना झाला तो १९३० साली सोलापुरात मार्शल लॉ लागला, त्याच्या आदल्या हिवाळ्यात. होटगी स्टेशनावरच्या हमालांनी आणि गावातल्या पोरांनी मिळून संघ केला होता. त्यात रामहरी. वीस वर्षांचा, काटकुळा, स्टेशनात पोती वाहणारा. चेंडू त्याच्या पायाला बांधल्यासारखा चालायचा. पहिल्या अर्ध्या वेळात तो कल्लप्पाला दोनदा चकवून गेला. दुसऱ्यांदा तर कल्लप्पा तोल जाऊन बसला, आणि लोक हसले. जे लोक त्याचं नाव घ्यायचे तेच हसले.

हाफटाइमला बसलिंगप्पा सोड्याची बाटली घेऊन गेला. मीही त्याच्यामागं गेलो.

"कल्लप्पा," बसलिंगप्पा म्हणाला, "दाक्षायणीचं लुगडं मागवू का? नेसून खेळ."

कल्लप्पा खाली बघत होता. मला बोलायची गरज नव्हती. पण मी अर्धा-पाऊण तास त्या रामहरीकडं टक लावून बघत होतो आणि मला एक गोष्ट दिसली होती. आपल्याला दिसलं ते दुसऱ्याला दिसलं नाही, याचं मोठं अप्रूप असतं कारकुनाला.

मी म्हणालो, "तो डावीकडं वळायच्या आधी एक पाय रोवतो. सगळं अंग त्या पायावर असतं. त्या वेळी तो पाय हलवूच शकत नाही."

कल्लप्पानं मान वर केली. "कंचा पाय म्हनालात, भाऊसाहेब?"

"उजवा."

खेळ पुन्हा सुरू झाला आणि थोड्याच वेळात रामहरी चेंडू घेऊन आला. त्यानं उजवा पाय रोवला. कल्लप्पा दोन्ही पायांनी त्या पायावर पडला. आवाज आम्हाला कडेला ऐकू आला, वाळकं सरपण गुडघ्यावर मोडावं तसा. मग कुणीतरी टाळी वाजवली, आणि मग सगळ्यांनीच.

रामहरीला एका बैलगाडीत घातलं. नडगी बाहेर आली होती. त्याच वेळी इकडं लोकांनी कल्लप्पाला खांद्यावर घेतलं होतं. तो उतरायला बघत होता, पण पाय घट्ट धरलेले होते. आठवड्याभरात कळलं की डॉक्टरांनी रामहरीचा पाय गुडघ्याखालून कापला.

दोन महिन्यांनी एका रविवारी कल्लप्पा माझ्या खोलीवर आला. "होटगीला जायचं हाय. तुमी चला. मला बोलाया जमत न्हाई." मला जायचं नव्हतं. पण नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

रामहरीचं घर स्टेशनाच्या पलीकडं, एका खणाचं. दारात त्याची आई सोजरबाई ज्वारी निवडत बसली होती. कल्लप्पाचं अंग बघूनच तिनं ओळखलं.

"तूच का त्यो?"

"व्हय."

तिनं उठून तांब्याभर पाणी आणून ठेवलं. मग म्हणाली, "पानी पी. आनि मला एवढं सांग, माज्या लेकानं तुजं काय केलं हुतं?"

"काय न्हाई," कल्लप्पा म्हणाला.

आतून रामहरीनं हाक मारली, "आई, येऊ दे त्यांना."

आत तो भिंतीला टेकून बसला होता. पायावर गोधडी होती. त्यानं आम्हाला बसायला सांगितलं, सोलापुरात थंडी कशी आहे ते विचारलं. मग म्हणाला, "अण्णा, एकच इचारायचं हाय. रोज पडल्या पडल्या तेच डोक्यात येतंय. त्यो चुकून लागला का मुद्दाम?"

कल्लप्पानं माझ्याकडं बघितलं. मी आढ्याकडं बघितलं.

"चुकून," कल्लप्पा म्हणाला.

रामहरीनं एवढा मोठा श्वास सोडला की गोधडी हलली. "मग हुतंय," तो म्हणाला. "खेळात हुतंय."



पुढं कल्लप्पा एकटाच होटगीला जात राहिला. महिन्या-दोन महिन्यांतून एक रविवार. बाभळीच्या लाकडाची कुबडी त्यानं स्वतः तासली, दोनदा चुकली, तिसरी बरी झाली. ती घेऊन गेला. रामहरीत पोती वाहायची ताकद उरली नव्हती. तो घरात बसून दोर वळायचा. कल्लप्पा त्याच्याजवळ बसून दोराचं दुसरं टोक धरायचा. दोघं काय बोलत असतील मला माहीत नाही. रामहरी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा म्हणे, की चुकून झालं, तरी माणूस बघा कसा येतोय.

मैदानावर मात्र कल्लप्पा संपला. आणखी दोन हंगाम खेळला, पण पाय घालायची वेळ आली की मागं घ्यायचा. लोकांनी आधी समजावलं, मग शिव्या घातल्या. शेवटच्या सामन्यात त्यानं एका फॉरवर्डला सरळ वाट दिली, गोल झाला, गिरणी हरली. लोक त्याच्या मागं चाळीपर्यंत गेले. वाटेत केळ्यांच्या साली फेकल्या, मग दगड. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या दाराच्या कडीला हिरव्या बांगड्यांची माळ बांधलेली होती. दाक्षायणीनं ती सोडली, दोन-दोन बांगड्या आपल्या हातांत चढवल्या आणि भोंगा होऊन माणसं कामावर निघाली तेव्हा हात पुढं करून उंबऱ्यात बसली. कुणी वर बघितलं नाही. मीही त्याच वाटेनं गेलो होतो.

नंतर त्याला खोकला लागला. कार्डिंगमध्ये तो कुणाला चुकत नाही. मग रक्त पडायला लागलं. एकदा सात रस्त्यावर तो भिंतीला धरून उभा होता. बसलिंगप्पानं मला विचारलं, "कोण हो ते म्हातारं?" मी सांगितलं. "हां हां," म्हणाला, आणि गिऱ्हाइकाला बशी पुसून दिली. मी रस्ता ओलांडून दुसऱ्या बाजूनं गेलो. कल्लप्पा तेव्हा पस्तिशीचा होता.

माती झाल्यावर पाचव्या दिवशी, सुट्टी बघून, बसलिंगप्पानं मंडळींना चाळीच्या अंगणात बोलावलं. घरच्यांचं सांत्वन करायचं, असं ठरलं होतं. त्यानं हॉटेलातला संघाचा जुना फोटो आणला होता, त्याला हार घातला. सतरंजी टाकली. दाक्षायणी दारात, चौकटीला धरून बसली. आणि तेवढ्यात कुबडी टेकत रामहरी आला. त्याला उशिरा कळलं होतं. गाडीनं एकटाच आला होता.

बसलिंगप्पा केवढा खूश झाला. त्यानं रामहरीला हाताला धरून पुढं, फोटोशेजारी बसवलं. म्हणाला, "मंडळी, कल्लप्पाची आठवण सांगायची तर दुसरी कशाला पाहिजे? ही बसलीय समोर."

लोक हसले. रामहरीही थोडा हसला. सोलापूरकरांची चेष्टा असेल असं त्याला वाटलं असावं.

बसलिंगप्पा रंगात आला. "तुम्हाला वाटतं तो पाय असाच मोडला? हाफटाइमला मी सोडा घेऊन गेलो. म्हटलं, लुगडं नेस. गडी पेटला. पण पेटून काय होतंय, जागा पाहिजे ना ठाऊक? ती जागा कुणी दाखवली? ह्या भाऊसाहेबांनी. उजवा पाय म्हणाले, वळायच्या आधी. कल्लप्पानं बरोबर तोच धरला. सात वर्षं झाली, अजून कुणी यांचं नाव घेतलं नाही. आज घ्या."

सगळे माझ्याकडं वळले. दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. एकानं पाठीवर थाप मारली. खोटं कशाला सांगू, क्षणभर मला बरं वाटलं.

मग मी रामहरीकडं बघितलं. तो फोटोकडं बघत होता. तिथून त्यानं दाराकडं तोंड केलं.

"वैनी, तुमाला ठावं हुतं?"

"व्हय," दाक्षायणी म्हणाली. "त्याच दिशी सांगितलं त्येनं मला."

"मग मला कुनी का सांगितलं न्हाई?"

"तुमी त्येला येऊ दिलं नसतं. आनि त्येला जाया दुसरं घर न्हवतं."

रामहरी कुबडीवर भार देऊन उठला. मग माणसांकडं वळून त्यानं धोतर गुडघ्याच्या वर ओढलं आणि पायाचा खुंट उघडा केला. टोकाला कातडी चुरगळून शिवल्यासारखी झाली होती, मध्ये एक लालसर खड्डा होता.

"बघा," तो म्हणाला. "त्येवढ्यासाठीच जमलाय न्हवं?"

त्याला वाटलं असेल, माणसं माना खाली घालतील. माणसांनी बघितलं. मागची उठून पुढं आली. एकजण बाकावर चढला. कुणीतरी विचारलं, "अजून दुखतं का?" आणि दुसरा त्याला समजावायला लागला, की थंडीत दुखणारच.

रामहरीनं धोतर सोडलं. दाक्षायणीनं त्याच्याकडं बघून काहीतरी म्हणायला तोंड उघडलं होतं, पण तो तिच्या दारावरून न थांबता गेला. ती उठली, आत गेली आणि तिनं कडी लावली. बसलिंगप्पा चहा सांगू लागला.

मी निघालो. रामहरीच्या मागं, वीसेक पावलं अंतर ठेवून, स्टेशनपर्यंत गेलो. त्याला वाट उरकायला फार वेळ लागत होता. दर थोड्या अंतरावर तो थांबायचा आणि मीही थांबायचो. त्याला ते कळत होतं. फलाटावर तो एका बाकावर बसला, मी पुढच्या बाकावर. माफी मागायची वाक्यं मी मनात जुळवत होतो. चांगली जुळली होती.

शेवटी त्यानंच मान वळवली. "भाऊसाहेब, तुमी त्या दिशी माज्या घरात बसला हुता. पानी प्याला हुता."

"हो," मी म्हणालो.

"आईनं दिलं हुतं."

एवढंच बोलला. गाडी आली. पायरी उंच होती आणि गर्दी होती. त्यानं आधी कुबडी आत फेकली, मग दांडा धरून एका पायावर उड्या मारत वर चढायला लागला. पहिल्यांदा हात सुटला. दुसऱ्यांदा आतल्या एका बाईनं त्याला दंडाला धरून ओढून घेतलं. मला उठता आलं असतं. मी बसून राहिलो.