चाकाखालचा हात
मिस्त्रींनी आयुष्यभर गाड्यांच्या पुढच्या चाकांची नाडी पाहिली. गाडी जॅकवर उचलून, आधाराला लोखंडी घोडी लावून ते खाली झोपायचे, चाकामागच्या बॉल जॉइंटवर बोटं टेकवायचे आणि बायको बाहेरून चाक वर-खाली धरून हलवायची. जॉइंट झिजला असला की बोटांना बारीक टकटक लागते; तो तुटला तर चालत्या गाडीचं चाकच निखळतं. बायकोचा जोर कमी पडला की खालून आवाज यायचाच, "जेवली नाहीस का? जोर लाव की!" गॅरेज बंद झालं, पण नवराबायकोचा हा जोडधंदा काही सुटला नाही.

आजची गाडी त्यांचीच, जुनी, लेकीला दिलेली. उद्या ती तान्ह्या बाळाला घेऊन घाट उतरून आपल्या घरी निघणार होती.

बायकोनं चाक हलवलं. मिस्त्रींच्या बोटांना काहीच लागलं नाही. खरं तर हल्ली त्या बोटांना कशाचाच स्पर्श कळत नव्हता. शुगरनं बोटं बधिर केली होती. त्यांनी ते घरात कुणाला सांगितलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची!

"काय बाबा, ठीक आहे ना?" लेकीनं दारातून विचारलं.

'ठणठणीत' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. तेवढ्यात आत बाळ रडलं आणि तो तिथेच अडकला.

"मला कळत नाहीये गं," ते खालूनच बायकोला म्हणाले. "बोटं मेलीत माझी."

आता आपली सालटी निघणार, असं त्यांना वाटलं. पण बायको बाह्या वर सारत म्हणाली, "परवा उकळत्या चहाचा पेला मुठीत धरून बसलात, तेव्हाच कळलं मला. म्हटलं, आपणहून सांगतील. सरका तिकडे."

साठी उलटलेली बाई गाडीखाली शिरली. मिस्त्रींनी तिचा हात धरून जॉइंटवर नेऊन ठेवला. कित्येक वर्षांत तो असा धरला नव्हता, आणि आता धरला तर ऊन आहे की गार, तेही कळेना. त्याचं त्यांना फार वाईट वाटलं. बाहेर येऊन त्यांनी चाक हलवलं.

"लागतंय का काही?" त्यांनी भीतभीत विचारलं.

खालून ठसक्यात आवाज आला, "जेवला नाहीत का? जोर लावा की!"

लेक खुदकन हसली. मिस्त्रींनी बाहीनं डोळे पुसले आणि होता नव्हता तेवढा जोर लावला.

"लागलं! चांगलं टकटकतंय!" बायको खालून ओरडली. "पोरी, बॅगा भरू नकोस इतक्यात. नवा जॉइंट बसल्याशिवाय माझी नात घाट उतरायची नाही."