कुठला कान?

आमच्या शिवणखान्यात तिला सगळे मास्टरबाई म्हणतात. कटिंग मास्टर म्हणजे पुरुषच, असा आमच्या मालकांचा पक्का समज होता. तो हिने पहिल्याच महिन्यात मोडीत काढला. शाळेच्या गणवेशाचं कापड साठ थर अंथरायचं, वर खडूने आखणी करायची आणि कापायचं मशीन फिरवायचं. जरा इकडचं तिकडे झालं की साठ शर्टांच्या बाह्या वाया. बारा वर्षांत हिने एकही बाही वाया घालवली नाही. मी काजं करते. माझं टेबल तिच्या टेबलाला लागून आहे.

बोथट कात्री, ओला खडू, उशिरा आलेलं कापडाचं थान, कशावरूनही तिचा पारा चढायचा. मालकांनासुद्धा तिने दोनदा जिन्यावरून परत पाठवलंय. पण नवऱ्याचं नाव निघालं की तोंडाला कुलूप. आम्हाला वाटायचं, मान राखते.

नवरा ट्रक चालवायचा. फेरी संपवून घरी आला की आधी बाटली, मग हात. तो दारात दिसला की ही स्वयंपाकघरात जायची, आतून कडी लावायची आणि डोळे मिटून प्रार्थना करायची, ‘देवा, याला सुबुद्धी दे.’ लेक नऊ वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. टीव्हीचा आवाज कमी केला नाही, एवढंच निमित्त. बापाने तिच्या कानाखाली अशी काढली की पोर भिंतीवर आपटली. आत बसलेल्या आईला तो आवाज ऐकू गेला.

“आणि मी काय केलं माहितीये?” हे तिने मला फार नंतर सांगितलं, दात आवळून. “प्रार्थना अर्धवट सोडायची नसते म्हणून आधी ती पुरी केली. मग दार उघडलं.”

कानाचा पडदा फाटला होता. दवाखान्यात हिनेच सांगितलं, घसरून पडली. पोरीलाही तेच सांगायला लावलं. कागदावर तसंच लिहिलं गेलं. त्या कानाने पोरीला पुढे जवळजवळ काहीच ऐकू येईना, आणि सर्दी झाली की त्यातून पू यायचा. दहावी झाल्या झाल्या लेक मावशीकडे राहायला गेली. आता ती एका औषधाच्या दुकानात कामाला आहे.

मग दीड वर्षापूर्वी नवऱ्याने दारू सोडली. कुणीतरी त्याला एका प्रार्थनेच्या वर्गाला नेलं होतं. फर्निचरच्या दुकानावरचा हॉल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि प्रार्थना घेणाऱ्या एक ताई. तिथे तो रडला, आणि त्या दिवसानंतर बाटलीला शिवला नाही. हे खोटं नाही. हात उगारणंही थांबलं. मास्टरबाईने मला तेव्हा पेढ्यांऐवजी रागाने भरलेला चेहरा दाखवला. मी म्हटलं, “अहो, चांगलंच झालं की!” तर म्हणाली, “चांगलंच झालंय गं. मग मला का जळतंय ते कळत नाही.”

ते कळलं एका रविवारी सकाळी. वर्गात नवऱ्याचा अनुभव सांगण्याचा कार्यक्रम होता आणि बायकोने यावं असा ताईंचा आग्रह होता. “एकटीने जाववत नाही,” म्हणून तिने मला ओढत नेलं. हॉल भरला होता. नवऱ्याने माईक घेतला. दारूचं सांगितलं, देवाचं सांगितलं. “त्याने माझं सगळं धुऊन टाकलं,” तो म्हणाला. “मी आता कोरा आहे. मनावर कसलंही ओझं नाही.” पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसायला लागल्या. ताई म्हणाल्या, “जो स्वतःला माफ करतो तो आतून बरा होतो. आता वहिनी दोन शब्द बोलतील.”

मास्टरबाई उठली. माईक तिने घेतलाच नाही.

“अहो,” तिने नवऱ्याला विचारलं, “लेकीच्या कानाचं सांगितलंत का इथे?”

तो चपापला. “देवापुढे सगळं ठेवलंय मी.”

“कुठला कान?”

“काय?”

“कुठला कान गेला तिचा?”

तो ताईंकडे बघायला लागला. मग हळूच म्हणाला, “उजवा.”

“कुठला कान ते नीट सांग!” ती ओरडली. वीस वर्षांच्या संसारात तिने त्याला पहिल्यांदा अरेतुरे केलं असावं. “डावा! डावा कान! दहा वर्षं झाली, तुला साधी बाजू माहीत नाही, आणि तू कोरा?”

ताई पुढे झाल्या. “वहिनी, शांत व्हा. जुनी जखम उकरू नये.”

“उकरायला ती भरलीय कुठे? अजून वाहते! देवाने माफ केलं असेल याला. थप्पड देवाला बसली नव्हती.”

एवढं बोलून ती तरातरा जिना उतरली. मी मागोमाग.

तिसऱ्या दिवशी ताई शिवणखान्यात आल्या. खालच्या आवाजात म्हणाल्या, “तुमचा राग तुम्हालाच आजारी पाडेल.”

“पाडू दे,” मास्टरबाई म्हणाली. “तुम्ही त्याला एकदा तरी विचारलंत का, कोणाला काय केलंस?”

ताई म्हणाल्या, “आमच्याकडे माणसं मोडून येतात. आल्या आल्या असं विचारलं तर परत येत नाहीत.”

“आल्या आल्या नका विचारू. दीड वर्ष झालं ना पण? मी डोळे मिटून बसले, पोरीचा कान गेला. तुम्ही त्यालाही डोळे मिटायलाच शिकवलंत.”

ताई आल्या तशा निघून गेल्या. पण नवऱ्याशी बोलल्या असाव्यात, कारण पुढच्या आठवड्यात तो लेकीच्या दुकानात गेला. हे मला लेकीनेच सांगितलं. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. बाप येऊन तिच्या डाव्या बाजूला उभा राहिला आणि काहीतरी पुटपुटला.

ती म्हणाली, “बाबा, या बाजूने मला ऐकू येत नाही. इकडून या आणि परत बोला.”

त्याला अख्ख्या काउंटरला वळसा घालावा लागला. गिऱ्हाइकांसमोर, मोठ्याने बोलावं लागलं. “मी तुला मारलं. तुझा कान माझ्यामुळे गेला.”

“हो,” ती म्हणाली. गोळ्यांची पट्टी कापून गिऱ्हाइकाच्या हातात दिली. “माफ केलं असं मी म्हणणार नाही. मंगळवारी कानाच्या डॉक्टरांकडे जायचंय. यायचं तर या.”

तो आला. मास्टरबाईही गेली. डॉक्टरांनी जुने कागद चाळले आणि विचारलं, “पडल्यामुळे झालं ना हे?” सवयीने मास्टरबाई ‘हो’ म्हणणार, एवढ्यात नवरा म्हणाला, “नाही. मी मारलं होतं.” मग हिला गप्प बसवेना. “आणि पडली असं खोटं मी सांगितलं,” ती म्हणाली. “मी तेव्हा आत कडी लावून बसले होते.”

डॉक्टरांनी जुनी ओळ खोडून नवी लिहिली. लेक बापाकडे नाही, आईकडे बघत होती. “माहितीये मला, आई,” ती म्हणाली. “तुझी प्रार्थना बाहेर ऐकू येत होती.”

दुसऱ्या दिवशी मास्टरबाई कामावर आली आणि मशीनला हात न लावता बसून राहिली. बारा वर्षांत पहिल्यांदा. मालक खाली येऊन बघून गेले. बोलायची त्यांची छाती झाली नाही. “चिडायला हवं होतं गं तिने माझ्यावर,” ती मला म्हणाली. “साधा आवाजसुद्धा चढवला नाही. त्याला निदान काउंटरभोवती फिरवलं.”

कानाचं ऑपरेशन झालं. पू यायचा थांबला. ऐकू फारसं येत नाही, येणारही नाही. ऑपरेशनच्या दिवशी बाप सकाळपासून बाहेरच्या बाकावर होता. दारू त्याने पुन्हा घेतलेली नाही. वर्गाला अजून जातो, आणि बोलायला उभा राहिला की आता आधी लेकीचं सांगतो. ते ऐकताना पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसत नाहीत म्हणे.

लेक मावशीकडेच राहते. पण टाके काढल्यावर पंधरा दिवसांनी, जेवणाच्या सुट्टीत, ती शिवणखान्यात आली. सरळ आईच्या टेबलाशी गेली आणि आम्हा पंचवीस जणींसमोर फाडफाड बोलायला लागली. तू दार का उघडलं नाहीस, तू माझ्याकडून खोटं का बोलवून घेतलंस, मी रात्रभर कान धरून रडत होते तेव्हा तू मला देवाचं नाव घे म्हणालीस. कुणीतरी तिला आवरायला उठलं, तर मास्टरबाईने हात आडवा घातला.

“बोलू दे तिला,” ती म्हणाली, आणि लेकीकडे वळली. “बोल. अजून बोल.”

सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी लेक बोलतच होती. त्या दिवशी आम्ही कुणी मशीन सुरू केलं नाही.