कुंभारणीची नळी

आमच्या होळी गावात माणूस एकटा पडला की एक तर भजनाला लागतो, नाहीतर शेजाऱ्यांच्या मागे. रामदादा शेगडीच्या मागे लागला.

रामचंद्र राऊत, जन्मभर वालीवच्या कारखान्यात फिटर. त्याच्या आणि माझ्या वाडीत फक्त मेंदीचं कुंपण, त्यामुळे त्याचं खोकणंसुद्धा मला पाठ आहे. मीरावहिनी गेल्यापासून त्या घरातून दोनच आवाज येतात. एक टीव्हीचा आणि दुसरा रविवारी सकाळी केयूरच्या फोनचा. केयूर त्याचा एकुलता एक, बायकोला, दिशाला घेऊन ऑस्ट्रेलियात असतो. फोन ठेवला की रामदादा उगाचच कुंपणाशी येऊन विचारतो, "शर्ले, काय रांधलंस?" मी काय रांधते याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं.

एका रविवारी केयूरने फोनवर आपली बाग दाखवली. तिथे गॅसवर चालणारी मोठी शेगडी, तिला झाकण, आत लोखंडी जाळी आणि जाळीवर मासे. बार्बेक्यू म्हणतात तो. रामदादा म्हणाला, "अशी इथे असती तर आला असतास?"

"घ्या की बाबा! नाताळात येतो, अंगणात बोय मासे भाजू."

पोरगा चेष्टेत बोलला की मनापासून, देव जाणे. बापाने मात्र ते गाठीला बांधलं. आठवडा उलटायच्या आत सातिवलीच्या एका गोदामातून तसलं धूड टेम्पोत घालून आणलं. कुठल्याशा बंद पडलेल्या रिसॉर्टचं होतं. झाकण उघडलं तर आत बोटभर तुपकट काळं किटण आणि उंदराच्या लेंड्या.

"रामदादा, हे भंगारवाल्यानेपण घेतलं नसतं," मी म्हटलं.

"तू फक्त मसाला वाट," तो म्हणाला.

मग पावसाळाभर मी त्या माणसाचा उद्योग पाहिला. सगळी शेगडी त्याने सुटी केली. किटण आधी पत्र्याच्या तुकड्याने खरवडलं, मग गरम पाणी, सोडा आणि नारळाचा काथ्या. जाळ्या बिडाच्या होत्या. गंज काढून त्यांना खोबरेल लावलं, विस्तवावर तापवून अर्ध्या कांद्याने घासलं. मीरावहिनी घावनाचा तवा असाच तयार करायची. गॅस पेटतो त्या चार नळ्यांची भोकं बुजली होती. त्यासाठी त्याने माळ्यावरून रॉकेलच्या स्टोव्हची पिन शोधून काढली आणि एकेक भोक मोकळं केलं. रबरी नळी आणि रेग्युलेटर नवे आणले. मी हसायची, पण खरं सांगते, मला बरं वाटायचं. पहिल्यांदाच त्या घरातून घासण्याचा, ठोकण्याचा, एखादी शिवी हासडल्याचा आवाज येत होता.

दसऱ्याला केयूरने तिकिटं काढल्याचं कळवलं. त्या दिवशी रामदादा कुंपणाशी आला आणि काय रांधलंस ते विचारायलाच विसरला.

साफ केलेल्या नळ्या त्याने पडवीत तारेने टांगल्या होत्या. शेगडीचा सांगाडा रंगवून वाळेपर्यंत दिवाळी आली. जोडणीसाठी नळ्या उतरवायला गेला, तर एकीच्या तोंडात ओल्या मातीचा गोळा. कुंभारीण माशीने घर केलं होतं.

"काडी घाल आणि मोकळी कर," मी म्हटलं.

"नाय."

"गॅस तुंबेल, भडका उडेल."

"ही नळी लावतच नाय. तीनवर भाजू." तो माझ्याकडे न बघता बोलला. "कुंभारणीचं घर मोडत नसतात, शर्ले. केयूरच्या वेळी मीराच्या खिडकीत असंच केलेलं."

कुंभारणीने घर बांधलं की त्या घरात पाळणा हलतो, हे आमच्याकडे लहान मूलही सांगेल. आम्ही क्रिस्तांव, पण माझ्या आईनेही ते कधी मोडलं नाही. केयूर-दिशाच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि रामदादाने त्यांना तो प्रश्न कधी विचारला नव्हता. मी एरवी थट्टेची संधी सोडत नाही. त्या दिवशी सोडली. त्याने चौथं बटण सुतळीने आवळून बांधलं, गॅसची ती वाट बूच मारून बंद केली आणि सगळ्या जोडांवर साबणाचा फेस लावून गळती तपासली. नळी पडवीतच टांगलेली राहिली.

नाताळाआधीच्या रविवारी मी मसाल्याचा डबा द्यायला गेले, तेव्हा तो फोनवरच होता. केयूर हसत होता, रडतही होता.

"बाबा, तुम्ही आजोबा होणार! पण डॉक्टर दिशाला आत्ता विमानात बसू नका म्हणाले. तिकिटं रद्द केली. तिला एकटीला सोडून मी पण कसा येऊ?"

"येऊ नकोस! खबरदार आलास तर! तिला जप."

"बाळंतपणाला तिची आई येतेय इकडे."

"बरोबर आहे. आईच हवी," रामदादा म्हणाला.

फोन ठेवून त्याने आधी माझ्या हातावर साखर ठेवली, मग मीरावहिनीच्या फोटोपुढे. डोळे पुसले. आनंदच झाला होता त्याला, त्यात खोट नव्हती. मग अंगणात जाऊन त्याने शेगडीवरची चादर काढली आणि गॅस पेटवला. तिन्ही ज्वाळा निळ्या, सरळ, एकसारख्या उठल्या. भाजायला घरात काहीच नव्हतं. दोन रताळी होती, ती आणून ठेवली.

आम्ही बसून राहिलो. रताळ्यांचा वास सुटला. एवढी मोठी शेगडी, त्यावर एका कोपऱ्यात दोन रताळी. मला ते बघवेना.

"शर्ले," तो हळूच म्हणाला, "तेव्हाच काडी घालून मोडायला पायजे होतं ते घर."

बोलला आणि जागच्या जागी थिजला. मी ऐकलंच नाही असं दाखवलं. त्याने दोन्ही हातांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतलं, एकदा, दोनदा, आणि घाईघाईने उठून पडवीत गेला. वाऱ्याने नळी हलत होती. ती त्याने दोन्ही हातांनी धरली, तोंड उजेडाकडे वळवून माती कुठे तडकली तर नाही ना ते नीट पाहिलं. तडकली नव्हती. तरी तो नळी सोडीना.