उरलेली दोन पानं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे प्रूफ वाचणं. तरसालीच्या घरात, दुपारी, जेवणं झाल्यावर. मी बायकोच्या हातचा कागद मोठ्यानं वाचायचा आणि तिनं पेन्सिल घेऊन छापील कागदावर नजर ठेवायची. मी चौथी शिकलेला माणूस. पूर्णविरामाला टिंब म्हणायचो, स्वल्पविरामाला शेपटीचं टिंब. ती म्हणायची, "चालतंय. फक्त गाळू नका."

बायको कथा लिहायची. युनिव्हर्सिटीच्या पैशावर चालणारं एक मराठी मासिक होतं बडोद्यात, त्यात छापून यायच्या. मासिक म्हणायचं, पण वर्षात दोन-तीनदा निघालं तर नशीब.

त्या दुपारी कथेतला नवरा पानाच्या तळाशी मेला. मी थांबलो.

"मला मारलंस होय गं?"

"तो तुम्ही नाही. तो विड्या ओढतो."

"फिटर आहे, मकरपुऱ्याच्या कारखान्यात आहे. मी तंबाखू खातो, तेवढाच फरक."

"वाचा पुढं. दोनच पानं राहिलीत, सगळी बाईचीच आहेत."

"काय करते बाई?"

"वाचलं की कळेल."

"मी मेल्यावरचं मलाच वाचायला लावतेस. सकाळी वाचू. घसा सुकला."

"सकाळी नक्की हं. उद्या प्रूफ पोचलं नाही तर कथा काढून तिथं कविता घालतील," म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

दूध उतू गेल्याचा वास आला म्हणून मी हाक मारली. मग आत गेलो. ती ओट्याशी पडली होती. शेजाऱ्याच्या रिक्षातून दवाखान्यात नेली. डॉक्टरनं तिला बघितलं आणि मला बसायला सांगितलं, तेव्हाच कळलं. सुरतेहून मुलगी आली. त्याच रात्री सगळं आटोपलं.

प्रूफ वाचायचं काम माझ्याकडे आलं ते कारखान्यानं व्हीआरएस देऊन घरी बसवल्यावर. आधी ती एकटीच वाचायची आणि चुका राहायच्या. आपण लिहिलेलं आपल्याला बरोबरच दिसतं, म्हणायची, दुसरा माणूस पाहिजे. छापखान्यात शिशाचे खिळे जाऊन कॉम्प्युटर आला, तर चुकाही नवीन आल्या. जोडाक्षरं फुटायची. ळच्या जागी रिकामा चौकोन यायचा. सरांचा, म्हणजे संपादकांचा, नियम एकच: प्रूफात मजकूर बदलायचा नाही, चुका तेवढ्या काढायच्या. यावर ती फार कुरकुर करायची, पण पाळायची.

लिहिणारी माणसं शनिवारी युनिव्हर्सिटीत मराठीच्या विभागात जमत. एक बँकवाले कवी. सुभानपुऱ्याच्या एक बाई, मुलाकडे अमेरिकेला जाऊन आल्या की प्रवासवर्णन द्यायच्या. मी बाहेर स्कूटरपाशी. एकदा सरांनी आत बोलावलं आणि विचारलं, "आपण काय लिहिता?"

"मी नाही लिहीत," म्हटलं. "कुणीतरी वाचायला पण पाहिजे ना."

कवी म्हणाले, "अहो, जपा यांना! आपले एकुलते एक वाचक!" घर येईस्तोवर बायको मागच्या सीटवर हसत होती.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलेलं. मी कागद घेऊन गॅलरीत बसलो. डाव्या हाताचं बोट तिच्या अक्षरावर, उजव्या हाताचं छापलेल्यावर. मोठ्यानंच वाचलं, टिंबांसकट. मनात वाचलं की माझ्या ओळी निसटतात. आतून मेहुणी कुणाला तरी म्हणाली, "जप करताहेत. करू दे."

कथेतली बाई सगळे गेल्यावर दार लावून घेते. घर शांत होतं, आणि त्या शांततेत तिला नवऱ्याचा आवाज ऐकू येतो. तिथं कथा संपते.

हे खोटं आहे. शांत कुठलं? शेजारी कुकरच्या शिट्ट्या, जिन्यात चपलांचा ढीग, आत कुणाला चहा मिळाला नाही त्याची चर्चा. आणि आवाजबिवाज काही येत नाही. मी कान देऊन बसलो होतो. बायकोला तरी कुठून ठाऊक असणार? अगं, असं नसतं, एवढंच सांगायचं होतं. ते ऐकायलाच ती नव्हती.

पेन्सिल हातात होती. ती आवाजाची ओळ खोडली असती तर कुणाला कळलं नसतं. पण मजकूर बदलायचा नाही. एक फुटलेलं जोडाक्षर आणि गळलेलं एक शेपटीचं टिंब, तेवढ्यावर खूण केली.

स्कूटरची किल्ली घेतली तशी मुलगी आडवी आली. "बाबा, सुतक आहे. मी फोन करते सरांना. समजून घेतील."

"समजून घेतील आणि कविता घालतील," म्हटलं आणि निघालो.

विभागाच्या दारात शिपाई स्टुलावर बसलेला. गुजराती माणूस, आमची बऱ्याच वर्षांची ओळख. "आवो काका. बेन क्यां?" त्यानं बायकोचं विचारलं.

"गयां," म्हटलं. "काले."

तो उठून उभा राहिला. सुतकात कुणाच्या हातात कसं द्यायचं म्हणून मी वाकून प्रूफाचं पाकीट स्टुलावर ठेवायला गेलो. त्यानं ते माझ्या हातातूनच घेतलं.

"टाइमसर छे, काका," म्हणाला, म्हणजे वेळेत आहे, आणि आत सरांच्या टेबलावर ठेवून आला.