भिंतीत मुरलेली बेलफळं

गेली दोन-तीन वर्षं मी प्रार्थना नुसती म्हणत होतो. रविवारी उपासनेला जायचो, गीतांच्या पुस्तकातलं पान वेळेवर उघडायचो, ‘आमेन’ कधी चुकवायचो नाही. पण पलीकडे कोणी ऐकतंय असं वाटणं बंद झालं होतं. चाकणच्या एका कंपनीत मी सव्वीस वर्षं तपासणी विभागात आहे. गाडीच्या सुट्या भागांची मापं घ्यायची आणि केसाच्या जाडीइतका फरक निघाला तरी माल परत पाठवायचा, हे माझं काम. असल्या माणसाचा हळूहळू एक स्वभाव बनतो. जे मोजता येत नाही ते नसतंच, असं तो धरून चालतो. माझी बायको सुनंदा म्हणायची, "देवाला पण गेज लावून बघता का काय तुम्ही?" मी ते हसण्यावारी न्यायचो, पण तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

चाकणहून आळंदीकडे जाताना थोडं आत वळलं की आमचं गाव लागतं. दोन्ही अंगांनी कंपन्यांच्या शेड आल्या, तरी मधे चिंचेच्या झाडाशेजारी आमचं दगडी देऊळ तसंच उभं होतं. आमची जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात, म्हणून माझ्याही तोंडात तेच बसलंय. पणजोबांच्या पिढीने काळा दगड डोक्यावरून वाहून आणून ते चुन्यात बांधलं. माझ्या वडिलांचा बाप्तिस्मा, माझं लग्न, आईची शेवटची उपासना, सगळं त्याच छपराखाली झालं.

गणपती उठून आठवडा झाला असेल. सकाळची शिफ्ट नुकतीच लागली होती. माप घेता घेता काटा एकाएकी थरथरला आणि शेजारच्या कपातला चहा हिंदकळला. भूकंपाचा धक्का होता, तोही हलकाच. आमच्या कंपनीत साधी काचसुद्धा फुटली नाही. पण दुपारी शांतवनकाकांचा फोन आला. काका म्हणजे आमच्या मंडळीच्या पंचांमधले सगळ्यांत वडीलधारे. म्हणाले, "देवळाची मागली भित फुगलीया. वरचा कोपरा खाली आलाय. तू ये बाबा लगोलग."

गेलो. वेदीमागची भिंत पोट पुढे काढून उभी होती आणि कोपऱ्यातले आठ-दहा दगड सिमेंटच्या गिलाव्यासकट जमिनीवर आले होते. मी गिलाव्याची एक खपली उचलून पाहिली. आतल्या बाजूला ओल होती. दगडांमधला चुना ओल्या राखेसारखा झाला होता, नख लावलं की गळत होता. त्या क्षणी मला सगळं कळलं आणि मी ती खपली पालथी घालून ठेवली.

कारण तो गिलावा माझा होता. दहा-बारा वर्षांपूर्वी सुनंदा मोठ्या दुखण्यातून उठली, तेव्हा उपकारस्तुती म्हणून देवळाला आतून-बाहेरून नवा गिलावा करून द्यायचं मी मनात धरलं होतं. चांगलं कडक सिमेंट आणलं. शांतवनकाकांचे थोरले भाऊ तेव्हा हयात होते. त्यांनी तरुणपणी गवंडीकाम केलं होतं. ते म्हणाले होते, "पोरा, चुन्याच्या भितीला शिमिट लावू नगंस. तिला दम लागतो." मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो, "बाबा, चुना आता पानाला लावायचा असतो." मंडळी हसली. म्हातारेबुवाही हसले. भिंतीने आत घेतलेलं पाणी बाहेर पडायला वाट राहिली नाही. वर्षानुवर्षं ते आतल्या आत चुना खात राहिलं. भूकंपाने फक्त धक्का दिला.

हे मला कळलं, आणि मी कोणालाच सांगितलं नाही. मंडळीत कोणी भूकंपाला दोष दिला, कोणी रस्त्यावरच्या कंटेनरला, कोणी पलीकडच्या खाणीतल्या सुरुंगांना. मी माझं पाप खुशाल भूकंपाच्या माथी मारलं. पंचांची बैठक झाली. भिंत धोक्याची आहे, देऊळ उतरवून तिथे पत्र्याची शेड घालू, हंगामाचा सण झाला की सोमवारी जेसीबी बोलवू, असं ठरलं. मी मान डोलावली. पाडकाम झालं की गिलाव्याबरोबर माझी चूकही उचलली जाणार होती. आणि घरी येऊन मी प्रार्थना करायचो, ‘प्रभू, देऊळ वाचव.’ रोज कंपनीतून सुटल्यावर जायचं आणि भेगेत फट मोजायची फीलर गेजची पातळ पट्टी घालून ती किती वाढली ते बघायचं, एवढंच करत होतो. भेग वाढतच होती.

हंगामाचा सण म्हणजे आमच्याकडची जुनी चाल. पीक घरात आलं की प्रत्येकाने त्यातलं पहिलं देवापुढे आणायचं आणि उपासना झाल्यावर त्याचा लिलाव करायचा. हौसेने एकेक भोपळा चढाओढीने घेतला जातो. त्या रविवारी आत जायची सोय नव्हती, म्हणून सतरंज्या चिंचेखाली टाकल्या होत्या. टेबलावर बाजरीची कणसं होती, उडीद होते. कोणाचं गुऱ्हाळ आहे, त्यांनी गुळाच्या ढेपी आणल्या होत्या. भीमाशंकरकडच्या एका कुटुंबाने हिरडा आणला होता. आणि सोनामावशीने नेहमीप्रमाणे बांधावरची कच्ची बेलफळं आणली होती, चांगली पाटीभर. मावशी एकटी राहते, शेत विकलं गेलं, उरला तो बांध आणि त्यावरचं बेलाचं झाड. त्या फळांना लिलावात कोणी हात वर करायचं नाही. शेवटी काका भिडेखातर घ्यायचे आणि आम्ही पोरासोरांसकट हसायचो. मावशीही हसायची. पण दर वर्षी आणायची.

उपासना संपत आली असताना रस्त्याने एक म्हातारी आली. नऊवारी, गळ्यात तुळशीची माळ, हातात पिशवी. एकादशी होती, ती आळंदीला पायी निघाली होती. पाणी मागितलं. सुनंदाने तांब्या दिला. पाणी पिऊन ती सावलीला म्हणून नेमकी त्या भिंतीकडे निघाली. मी उठून धावलो. "आजी, तिकडं नका जाऊ. भिंत पडायला झालीय."

"भितीचं मला नगा सांगू," ती म्हणाली. बोलणं लातूरकडचं होतं. पडलेल्या दगडांपाशी ती खाली बसली, सांध्यातला चुना चिमटीत घेतला, चोळला, वास घेतला. मग खपली उलटी करून पाहिली. तिला जरा कमी ऐकू येत असावं, कारण ती मोठ्याने बोलत होती. "भित चांगली हाय ओ. पर हिचं नाकतोंड दाबून धरलंय की. कुणी लावलं हे सिमेंट?"

लिलावासाठी सगळे वळून बसत होते, त्या सगळ्यांनी ते ऐकलं. ‘जुनं काम आहे’ एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. तेच माझ्या ओठांवर होतं. कसं ते मला आजही सांगता येत नाही, पण तोंडातून निघालं, "मी लावलं." आणि एकदा निघालं म्हटल्यावर राहिलेलंही थांबेना. चिंचेखाली उभा राहून मी मंडळीला सांगितलं की थोरल्या बाबांनी मला अडवलं होतं, मी त्यांची चेष्टा केली, आणि पहिल्याच दिवशी सगळं कळूनही मी गप्प बसलो. बोलताना मला रडू आलं. पन्नाशी उलटलेल्या माणसाने चारचौघांत असं रडावं, याची लाज वाटली, पण फार वेळ नाही.

शांतवनकाका उठून माझ्यापाशी आले. मग म्हणाले, "थोरल्यानं सांगितलं व्हतं तुला." एवढंच. जरा थांबून पुढे म्हणाले, "बरं, आता रडून न्हाई भागायचं. त्या बाईला इचार, काय करावं लागंल."

म्हातारीचं नाव मथुराबाई. तिचे वडील चुना मळणारे, गढ्या-देवळांची कामं करणारे. ती बोटांवर मोजत सांगू लागली. सिमेंट सगळं खरवडून काढायचं. भित चांगली वाळू द्यायची. चुना विरवून महिनाभर मुरवायचा, वाळू आणि विटेचं पीठ घालून मळायचा. "आणि पाणी साधं न्हाई घालायचं. गूळ लागतंय, हिरडा लागतंय, उडदाचं पीठ. आणि बेलफळ, कच्चं. त्याचा चीक लई धरून ठेवतंय." हे सांगता सांगता तिची नजर टेबलाकडे गेली. ती उठून जवळ आली, गुळाला हात लावून पाहिला, हिरडा वास घेऊन ठेवला, आणि बेलाची पाटी बघून आम्हा सगळ्यांकडे नवलाने पाहिलं. "मंग मला कशाला विचारलाव? सगळं तर आणून मांडलंय की."

सगळ्यांच्या माना टेबलाकडे वळल्या. सोनामावशीने पदर तोंडाला लावला. मी योगायोगाचं गणित करू शकतो, ते माझं कामच आहे. कच्चं बेलफळ आमच्या टेबलावर दर वर्षी असायचं, एकादशीही महिन्याला दोनदा येते. हे सगळं मला ठाऊक आहे. तरी त्या घटकेला, कित्येक वर्षांनी, पलीकडे कोणीतरी ऐकतंय असं मला वाटलं. ते मी मोजलं नाही. त्या वर्षी लिलाव झाला नाही; गूळ, हिरडा, उडीद आणि बेलफळं चुन्यासाठी राखून ठेवली.

जेसीबीला नाही कळवलं. पुण्याहून जुन्या इमारतींचे जाणकार एक इंजिनिअर आले. त्यांनी भिंतीला लोखंडी टेकू लावून घेतले, छपराचा भार उतरवला, आणि म्हातारीचं सगळं ऐकून म्हणाले, "या सांगतात तसंच करा." आता एक अडचण राहिली. चुना मळायला बैलाची दगडी घाणी लागते, ती आणायची कुठून? मथुराबाईने तिचं वर्णन केलं, गोल चर आणि त्यात फिरणारं जड चाक, आणि मला एकदम तळवड्याच्या एका बंद पडत आलेल्या ओतकामाच्या शेडमधलं वाळू मळायचं यंत्र आठवलं. मोठी लोखंडी परात, तिच्यात फिरणारी दोन वजनदार चाकं. मालकांना विचारलं तर म्हणाले, "घेऊन जा राव, गंजतच पडलंय." मथुराबाईने ते चालू झालेलं पाहिलं आणि म्हणाली, "बैलाला खाऊ घालायचं तरी वाचलं."

सिमेंट मात्र मी स्वतः काढलं. शिफ्ट सुटली की छन्नी-हातोडी घेऊन उन्ह उतरेपर्यंत. मंडळीतली कंपनीतली माणसं आळीपाळीने आली, पण वेदीमागची भिंत मी कोणाला दिली नाही. मोठ्या प्रेमाने लावलेलं ते सिमेंट, पण ते काढताना तळहाताची सालटी निघाली. मथुराबाई दर दोन दिवसांनी चाकणहून रिक्षाने यायची आणि मला बिगाऱ्यासारखं राबवायची. पहिल्या दिवशी मी चुन्याचं आणि पाण्याचं प्रमाण वहीत लिहू लागलो, तर तिने वही बाजूला ठेवायला लावली आणि माझा हात त्या लगद्यात कोपरापर्यंत बुडवला. "हाताला कळू दे," म्हणाली.

एकदा जेवताना मी तिला विचारलं, की आजी, तुम्ही माळकरी, हे आमचं देऊळ, तुम्ही का इतकं करता? भाकरीचा घास तसाच धरून ती म्हणाली, "आमच्याकडं मोठा भूकंप झाला तवा माझं घर बसलं. बापानं लोकांची घरं चुन्यात बांधली, आमचं आपलं मातीत. लेक गेली. पोरगा ढिगाऱ्याखाली व्हता, त्याला एका माणसानं हातानं दगड उपसून काढलं. कुठला व्हता, कोण व्हता, काय म्हाईत. नाव इचारायचं राहून गेलं. आता तोच पोरगा हितं कंपनीत हाय, त्याला लेकरं हायती. त्या माणसाचं कुठं फेडू? जिथं भित पडलेली दिसंल तिथं हात लावते." मग तिने घास खाल्ला. मी तिच्या ताटात भाजी वाढली.

नाताळ चिंचेखालीच झाला. फुगलेला भाग उतरवून तो आणि पडलेला कोपरा तेच जुने दगड लावून पुन्हा चढवला, गिलावा झाला, आणि ओली गोणपाटं टाकून सुनंदा आणि सोनामावशी रोज त्यावर पाणी मारत राहिल्या. पुनरुत्थानाच्या सणाला, म्हणजे ईस्टरला, आम्ही आत गेलो. नव्या चुन्याला गुळाचा हलका वास येत होता. मी दाराशी थांबून थोरल्या बाबांची माफी मागितली. ती त्यांच्या हयातीत मागायला हवी होती.

देवाकडे मी देऊळ मागत होतो आणि स्वतः मात्र जसाच्या तसा राहू पाहत होतो. त्याने आधी मला उघडं केलं, मग भिंतीकडे वळला. हे मला उशिरा समजलं, पण समजलं. आता भेग होती तिथे मी पट्टी घालून बघत नाही. मथुराबाई सांगते की चुना पुरता पक्का व्हायला माणसाचा जन्म जातो. म्हणजे तो पाहायला मी असणार नाही, आणि याचं मला काही वाटत नाही. एकादशीला ती आळंदीला जाताना थांबते, भिंतीवर तळवा टेकवते, पाणी पिते आणि निघते. मीही जाता-येता तसाच तळवा टेकवतो. प्रभूचे आभार मानायला मला आता शब्द शोधावे लागत नाहीत.

यंदाच्या हंगामाच्या सणाला सोनामावशीने पुन्हा पाटीभर बेलफळं आणली. लिलाव पुकारणाऱ्याने सवयीने ती शेवटी ठेवली होती आणि काकांकडे बघतच त्याने पुकारा केला. काकांनी हात वर केला. मीही केला. मग सुनंदाने, मग मागे बसलेल्या सगळ्यांनी. पुकारणारा गोंधळून गेला आणि मावशीकडे बघू लागला. मावशी म्हणाली, "भांडू नका रे. एकेक घ्या सगळे."