मिरजोळ्याचं गॅरेज आणि माझी लुडबुड

गॅरेजात दोन गोष्टींचा ढीग लागतो. एक भंगाराचा, दुसरा किश्शांचा. भंगार न्यायला महिन्यातून एकदा भंगारवाला येतो. किस्से न्यायला कोणी येत नाही. त्यातले निम्मे माझ्याच मूर्खपणाचे, म्हणून म्हटलं, दुसऱ्यांनी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा आपणच सांगावेत. मी सांगते आणि सून लिहून घेते. शाळेचं तोंड मी कधी पाहिलेलं नाही.

मी पूर्णगडची. चाळीस वर्षं रत्नागिरीच्या बाजारात मासे विकले. माझा नातू संकेत पुण्याला गाड्यांच्या कारखान्यात होता. गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेला घरी आला आणि म्हणाला, "मी परत जात नाही. लोकांच्या जुन्या गाड्या त्यांना हव्या तशा करून देणार. स्वतःचं गॅरेज!"

त्याचा बाप, म्हणजे माझा मुलगा विलास, कचेरीत कारकून. त्यानं हातातला चहा खाली ठेवला तो उचललाच नाही. दोन दिवस घरात भांडण चाललं. शेवटी तह झाला. एक वर्ष. पुढच्या नारळी पौर्णिमेपर्यंत गॅरेज उभं राहिलं तर राहिलं. नाहीतर संकेतनं मुकाट पुण्याला परत जायचं. तिथला साहेब चांगला होता, वर्षभर जागा राखून ठेवतो म्हणाला होता.

मी संकेतच्या बाजूची. आणि बाजूची म्हणजे मदत करायलाच पाहिजे, असा माझा समज!

* * *

रत्नागिरीजवळ मिरजोळ्याला एक पत्र्याची शेड भाड्यानं घेतली. हत्यारं जुन्या बाजारातली, कॉम्प्रेसर सेकंडहॅण्ड. रंगकामाला इम्तियाज आला, संकेतचा शाळेपासूनचा मित्र. बोर्डाला पैसे उरले नाहीत. मी म्हटलं, "बोर्ड माझ्यावर सोडा!"

पूर्णगडला होड्यांवर नावं रंगवणारा माझा एक ओळखीचा. दोन पापलेटांवर तयार झाला. पण जन्मभर होड्याच रंगवलेल्या. त्यानं बोर्डाला निळ्या लाटा काढल्या, दोन टोकांना दोन डोळे काढले, वर श्री आणि खाली नारळ. गाडीला जागाच उरली नाही.

दुसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक आलं. टेम्पोतून होडीचं मशीन घेऊन.

"उतरवू कुठं?"

संकेत माझ्याकडे बघतोय, मी बोर्डाकडे. पण पहिलं गिऱ्हाईक परत कसं पाठवायचं? दिवसभर खपून संकेतनं मशीन चालू करून दिलं. इम्तियाज म्हणाला, "आजी, आता अँकर आणि जाळीपण ठेवूया का?"

* * *

गाडीला रंग मारताना धूळ बसू नये म्हणून बंद खोली लागते. आमच्याकडे खोली कुठली! आणि मिरजोळ्याची लाल धूळ म्हणजे बघायलाच नको. मी घरून मोठ्ठी ताडपत्री आणली, बांबू रोवून झकास तंबू ठोकून दिला. इम्तियाजनं नाक वर केलं, "वास कसला येतोय?"

"रंगाचा असेल," मी म्हटलं.

आत एक पांढरी गाडी रंगवून सुकायला ठेवली आणि सगळे जेवायला बसले. तासाभरानं येऊन बघतो तर बॉनेटवरून टपावर, टपावरून डिकीवर मांजरांच्या पावलांची सरळ ओळ! त्या ताडपत्रीवर मी वीस वर्षं बांगडे सुकवले होते. मिरजोळ्यातली झाडून सगळी मांजरं आत जमली होती, आणि एक तर बॉनेटवर बसून अजून ताडपत्री चाटत होती.

गाडी परत घासायला घेतली. इम्तियाज घासता घासता म्हणाला, "आजी, डिझाईनचे लोक वेगळे पैसे घेतात. तुझ्या मांजरांनी फुकट काढून दिलं!"

* * *

मग मी ठरवलं की कामात हात घालायचा नाही. नुसतं गिऱ्हाईक सांभाळायचं. त्यात मी मुरलेली!

एक डॉक्टर आले. जुनी जीप होती, ती पहिल्यासारखी नवी करून हवी होती. असलं मोठं काम आमच्याकडे पहिलंच. संकेतनं सगळं समजावलं, मग घाबरत घाबरत आकडा सांगितला. डॉक्टर उठले आणि दरवाजाकडे चालू लागले.

आता बाजारात गिऱ्हाईक उठून चाललं की बाईनं काय करायचं? मी कडाडले, "ओ दादा! या मागं! अर्ध्यात देते! वर सीट कव्हर घालते!"

डॉक्टर थबकले. म्हणाले, "अहो आजी, मी गाडीतून चेकबुक आणायला चाललो होतो."

संकेतनं डोक्याला हात लावला. डॉक्टर भला माणूस, त्यांनी पहिलाच आकडा लिहिला. पण जाताना मला म्हणाले, "सीट कव्हर मात्र घेणार हं!"

त्या दिवसापासून कोणी आकडा बोलायला लागलं की इम्तियाज मला म्हणतो, "आजी, जरा नारळाला पाणी घालून ये." नारळ तिथं एकच आहे. इतकं पाणी पिऊन तो माझ्याआधी जाईल.

* * *

भाट्याचे एक गुरुजी आले. बायकोचे गुडघे गेलेले, गाडीत चढता येईना. संकेतनं डोकं चालवून पुढची सीट फिरती केली. दार उघडलं की सीट बाहेर वळणार, बाई टेकल्या की परत आत. तो म्हणाला, "आधी कोणीतरी बसून बघायला पाहिजे. गुडघे दुखणारं कोणी..."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी ऐटीत बसले. सीट आत वळली, पण थांबायची विसरली! पुरती मागं फिरली आणि घट्ट बसली. पुढं काच, मी मागं तोंड करून. लॉक निघेना. संकेत म्हणाला, "आजी, बसूनच राहा, भाट्यापर्यंत जाऊन येऊ. चालत्या गाडीत हलून सुटेल."

कसली सुटते! भाट्याच्या पुलावरून मी सगळ्या ट्रॅफिककडे तोंड करून निघाले, मागच्या काचेतून सगळ्या जगाला दर्शन देत. मागच्या रिक्षावाल्यानं हात जोडून नमस्कार केला. मीही केला. काय करणार?

गुरुजींच्या दारात एकदाची ती सुटली. संकेत खजील होऊन म्हणाला, "काकू, परवापर्यंत नीट करून देतो."

गुरुजींची बायको सगळं बघत उभी होती. म्हणाली, "नको रे बाबा, अशीच राहू दे. ह्यांचं ड्रायव्हिंग तरी बघायला नको!"

* * *

असं करता करता नारळी पौर्णिमा झालीसुद्धा. कामं येत होती, पण एक आलं की पुढचं महिन्यानं. गॅरेज उभं राहिलं म्हणावं की नाही, कोणालाच सांगता येईना.

शेवटचं काम काशीचं. काशी म्हणजे बाजारात चाळीस वर्षं माझ्यासमोर बसून माझी गिऱ्हाईकं पळवणारी बाई. तिला जुनी व्हॅन मासे विकायची करून हवी होती. बर्फाची पेटी, पाणी वाहून जायला नळी, मागचं दार खाली पडलं की त्याचाच मासे मांडायचा फळा. संकेतनं ती अशी केली की मी जळले!

रविवारी काशी व्हॅन न्यायला आली ती मासे घेऊनच. आणि त्याच वेळी विलास आला. हातात कागद.

"पुण्याच्या साहेबाशी बोललो. उद्या हजर होतो म्हणून टाईप करून आणलंय. सही कर."

संकेतचे हात ग्रीसनं काळे. तो म्हणाला, "हात धुवून येतो," आणि मागं गेला. विलासनं कागद व्हॅनच्या फळ्याच्या कडेला ठेवला, वर पेचकस ठेवला.

काशीला ह्यातलं काय! तिनं फळ्यावर सुरमई मांडली, सुरी घासली. "भवानी झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही! विलास, तू घरचा. तूच कर भवानी."

पहिल्या विक्रीला आमच्यात नाही म्हणत नाहीत. दर पण विचारत नाहीत. विलासनं खिशात हात घातला. काशीनं सुरमईच्या तुकड्या पाडल्या, नोट कपाळाला लावली आणि माझ्याकडे हात केला.

"काय गो, बांधायला काय हाय काय?"

मी हाताशी होता तो कागद दिला.

तिनं पुडी बांधली, विलासच्या हातात दिली. संकेत हात पुसत आला आणि फळ्याकडे बघत उभा राहिला. विलासनं पुडी उलटीसुलटी करून बघितली. शाई ओली होऊन पसरायला लागली होती. मग माझ्याकडे बघितलं.

"आये, हा कागद कसला होता, ठाऊक हाय काय तुला?"

"मला रे कुठं वाचता येतं!"

त्यानं पुडी नीट आवळून पिशवीत ठेवली, स्कूटर चालू केली आणि संकेतला म्हणाला, "शेड बंद करून जेवायला लवकर ये. सुरमई हाय."